हाताचं वजन

हिलालआप्पांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या डब्यामुळे. नोकरीचा पहिला दिवस होता. मी डबा टेबलावर ठेवून खुर्ची पुसत होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि पायजमा घातलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ आले. माझ्याकडे न बघता त्यांनी डबा उचलला, तळहातावर दोनदा तोलला आणि होता तिथे ठेवून दिला.

"तीन पोळ्या. भाजी कोरडी. वरण नाई," ते म्हणाले. "सकाळी घाई झाली वाटतं, ताई."

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि हा माणूस माझ्या डब्याला हात लावतो. त्याहून जास्त राग आला तो सकाळी वरण टाकायला वेळ मिळाला नव्हता हे त्यांना कळल्याचा. दुपारी डबा उघडताना मी त्यांच्याकडे पाठ करून बसले, पण पाठीमागून ते हसत असणार याची मला खात्री होती.

माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली नाशिकहून सुरतेला झाली आणि मी मागोमाग आले. यंत्रअभियांत्रिकीची पदविका होती, रेघ सरळ यायची, एवढ्या भांडवलावर जयेशभाईंनी मला ठेवून घेतलं. रिंग रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचं डिझाइन ऑफिस होतं. चार ड्रॉइंग बोर्ड, एक टेलिफोन, आणि खालून सतत येणारा नव्या कापडाचा वास. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. हजिरा रोडला, इच्छापोरला, पार पलसाण्यापर्यंत रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि प्रत्येकाला पाइप लागत होते.

आमचं काम पाइपांचं नव्हे, पाइपांना धरून ठेवणाऱ्यांचं. कारखान्यात वाफेच्या नळ्या डोक्यावरून लांबच लांब जातात. त्या हवेत राहतात, कारण त्यांना कुणी खालून पेललेलं असतं नाहीतर वरून टांगलेलं असतं. या पेलणाऱ्याला किती भार सोसायचा आहे, हे आधी कागदावर सांगावं लागतं. लोखंडाचं वजन तक्त्यात मिळतं. आतून वाहणाऱ्याचं वजन गुणाकार करून निघतं. उरतं ते नळीच्या अंगावरच्या पांघरुणाचं. वाफेची नळी उघडी ठेवत नाहीत. तिच्यावर दगडापासून केलेली लोकर गुंडाळतात, तिला कामगार नुसतं 'वूल' म्हणतात. त्यावर तारेची जाळी, आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत पत्रा. या पांघरुणाचं वजन सांगणं हे हिलालआप्पांचं काम होतं.

यात काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. लोकरीच्या कंपनीचं पुस्तक असतं, त्यात एका घनमीटरला किती किलो ते छापलेलं असतं. मी पहिल्याच आठवड्यात एका लाइनचा हिशेब तासाभरात करून आप्पांपुढे ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

आप्पांना इंग्रजी वाचता येत नसे, पण आकडे येत. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बांधणार कोण?"

"म्हणजे?"

"वूल बांधणार कोण? टोळी कोणाची?"

मला हा प्रश्नच कळला नाही. लोकर कुणीही बांधली तरी लोकरच. आप्पांनी खुर्ची ओढली आणि मला समजावलं. ते समजावणं मी पुढे अनेकांना ऐकवलं आहे. सरळ नळीवर लोकरीची गादी गुंडाळतात, तिथे पुस्तक खरं बोलतं. पण नळीवर जिथे मोठा व्हॉल्व्ह येतो, तिथे वेडावाकडा आकार असतो, गादी बसत नाही. मग त्याच्याभोवती पत्र्याची पेटी करतात आणि आत सुटी लोकर हाताने कोंबतात. आता किती कोंबायची हे कोण सांगणार? एक माणूस वरवर भरून झाकण लावतो. दुसरा दाबून दाबून भरतो. पेटी तेवढीच, लोकर तीच, पण एकीचं वजन दुसरीच्या दीडपट.

"वजन लोकरीचं नसतं, ताई," आप्पा म्हणाले. "हाताचं असतं."

माझ्या कागदावर त्यांनी उजवीकडे एक रकाना वाढवला आणि वर मराठीत लिहिलं, 'हात'. त्या रकान्यात टोळीच्या मुकादमाचं नाव यायचं आणि नावापुढे एक आकडा. कुणाचा हात सव्वापट, कुणाचा एकपट. एका मुकादमाच्या नावापुढे त्यांनी पाऊणपट लिहिलं होतं आणि म्हणाले होते, "हा मानूस झाकण लावायच्या घाईत जन्माला आला." गिऱ्हाइकाकडे कागद जाताना जयेशभाई त्या रकान्याला एक भारदस्त इंग्रजी नाव द्यायचे. एकदा कुणीतरी विचारलंच की हा गुणक कुठल्या ग्रंथात आहे. जयेशभाईंनी आप्पांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आ बेठो ग्रंथ."

ग्रंथाची पिशवी मात्र बघण्यासारखी होती. खाकी कापडाची, खांद्याला अडकवलेली, आत एक स्प्रिंगचा काटा, मूठभर तार, कात्री आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. साइटवर गेले की आधी लोकरीचा तुकडा काट्याला लावायचे. काटा कशाला, असं मी विचारलं, कारण त्यांचा हात काट्याहून कमी नव्हता. ते म्हणाले, "हाताला घमेंड येते. तिला मधून मधून काटा दाखवावा." घमेंड आली असती तरी नवल नव्हतं. भाजीवालीने तोललेलं वांगं आप्पा हातात घेऊन नुसतं "हं" म्हणाले की ती न बोलता आणखी एक टाकायची.

एकदा ते आमच्या घरी जेवायला आले होते. तेव्हा गॅसचा नंबर लावला की सिलिंडर कधी येईल याचा नेम नसे, आणि मी त्याच काळजीत होते. आप्पांनी ओट्याखालचं सिलिंडर एका हाताने जरासं हलवलं. "अकरा दिवस," म्हणाले. मग पानात पुरणपोळी वाढलेली बघून म्हणाले, "पण तुमी पुरन शिजवत असाल तर नऊ." सिलिंडर दहाव्या दिवशी संपलं. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुमचा अंदाज चुकला. त्यांनी विचारलं, "मधी कोणी गावाला गेलं होतं का?" सासूबाई एक दिवस नवसारीला गेल्या होत्या. 

आता पिनेचं सांगते, कारण त्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत.

वाफ सोडली की नळी तापते, वाढते, थोडी वरखाली होते. अशा ठिकाणी तिला ताठ आधार चालत नाही, स्प्रिंगवर टांगावं लागतं. आधी वजन सांगायचं, कारखाना तेवढ्या वजनाला स्प्रिंग दाबून, तिच्यात एक पोलादी पिन अडकवून पाठवतो. नळी चढते, लोकर चढते, पत्रा चढतो, तोवर पिन आत. सगळं झालं की पिन काढायची आणि भार स्प्रिंगवर सोडायचा. आपण सांगितलेलं वजन आणि वर खरोखर चढलेलं वजन जुळत असेल, तर पिन अलगद निघते. जुळत नसेल तर ती रुतून बसते आणि हातोडा लागतो.

आप्पा पिन दोन बोटांनी काढायचे. अंगठा आणि तर्जनी. प्रत्येक साइटवर तो दिवस सणासारखा असे. नारळ फुटायचा, फिटर मंडळी गोळा व्हायची, आप्पा चपला काढून शिडी चढायचे. पिन काढून ते ती रुमालाने पुसत, सगळ्यांना दाखवत, आणि पुढेमागे पुन्हा लागते म्हणून तिथेच तारेने बांधून ठेवत. खाली उतरले की म्हणत, "हातोडा लागला त्या दिवशी हिलाल खुर्ची सोडीन." हे ते हसत म्हणत, पण दर वेळी म्हणत. जयेशभाईंनी तर ते वाक्य गिऱ्हाइकांना सांगून सांगून गुळगुळीत केलं होतं. शाळा चौथीपर्यंत झालेल्या माणसाची इंजिनिअर लोकांच्या ऑफिसातली खुर्ची त्या दोन बोटांवर उभी होती. आप्पांना ते पक्कं ठाऊक होतं.

रकान्यातल्या सगळ्या हातांत एकच हात दीडपट होता. भिला सोनवणे.

आप्पा आणि भिला एका गावचे, अमळनेरकडचे. लहानपणी दोघं कपाशीच्या गाड्या भरायचे. गाडीत कापूस ओतायचा आणि वर उभं राहून हातापायांनी दाबत जायचं, म्हणजे एका खेपेत जास्त माल जातो. "माझ्या गाडीपेक्षा भिलाच्या गाडीत दोन मन जास्त मावायचा," आप्पा सांगत. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू तो पराक्रम त्यांचाच. मग दोघं सुरतेजवळ उधन्याला आले, मिलच्या बॉयलरवर लोकर बांधायला लागले. आप्पा आधी मुकादम झाले, पुढे गुडघा दुखायला लागला तेव्हा जयेशभाईंनी त्यांना ऑफिसात आणून बसवलं. टोळी भिलाकडे आली. भिलाभाऊंनी भरलेल्या पेटीवर आप्पा बोटाच्या पेरांनी ठोकायचे. आवाज भरीव यायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "लाकूड वाजतं का नाई?"

भिलाभाऊ बोलायला अगदी कमी. मी त्यांच्या तोंडून सलग तीन वाक्यं कधी ऐकली नाहीत. पण हात बघून घ्यावेत असे होते, रुंद, चपटे, अंगठ्याच्या बुडाशी गादी असलेले. आम्ही साइटवर गेलो की ते माझ्यासाठी कुठून तरी एक स्वच्छ पोतं आणून अंथरायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे.

इच्छापोरची लाइन आली ती माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी. वाफेची मोठी नळी, सहा स्प्रिंगा, आणि सहाव्या स्प्रिंगेजवळ माणूस आत बसेल एवढ्या व्हॉल्व्हची पेटी. मी कागद केला. "बांधणार कोण?" आता हा प्रश्न मीच विचारायची. काम भिलाच्या टोळीला होतं. आप्पांनी चटकन दीडपट लिहिलं. कागद पुढे गेला, स्प्रिंगा आल्या, लोकर चढली.

पिन काढायच्या दिवशी आम्ही गेलो. नारळ फुटला. पाच पिना आप्पांच्या दोन बोटांनी निघाल्या. सहावीला त्यांनी बोटं लावली आणि ती हलली नाही. त्यांनी रुमालाने हात पुसला, पुन्हा धरली. पिन जागची हलेना. खालून मला त्यांच्या मानेवरची शीर ताणलेली दिसत होती. पलीकडच्या शिडीवरचा फिटर सवयीने म्हणाला, "आप्पा, हथोडी दूँ?" आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

आप्पा शिडीवरच थांबले. मग हात लांबवून त्यांनी व्हॉल्व्हच्या पेटीवर पेरांनी ठोकलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. आवाज लाकडाचा नव्हता. रिकाम्या डब्यावर वाजवावं तसा ढबढब आवाज आला. चार वर्षं त्यांच्यासोबत काढल्यावर मलाही तेवढं कळत होतं. पेटी ढिली भरली होती. वर वजन कमी होतं, म्हणून स्प्रिंग नळीला वर ढकलत होती आणि पिन चेपली गेली होती.

मी भिलाभाऊंकडे बघितलं. ते खांबाशी उभे होते. दोन्ही हात काखेत खुपसलेले. मे महिन्यात कुणाला थंडी वाजत नाही.

कारखान्याचे साहेब तरुण होते, घाईचे होते, पण वाईट नव्हते. लोकर बांधण्याला ते लॅगिंग म्हणत. त्यांनी सरळ विचारलं, "गलती किसकी है? आपके डिज़ाइन की, या लॅगिंगवाले की? लॅगिंगवाले की है तो मैं आज ही दूसरी टोली बुलाता हूँ."

आप्पा शिडी उतरले, चपला घातल्या, टोपी नीट केली. मी वाट बघत होते की आता ते साहेबांना पेटी ठोकून दाखवतील. तीन सेकंदांचं काम होतं.

"मेरा अंदाज ग़लत हुआ, साब," आप्पा म्हणाले.

साहेबांनी तसं लिहून घेतलं. आमच्या प्रतीवरही लिहिलं गेलं, अंदाजात चूक. जयेशभाईंचा चेहरा पडला. हातोडा त्या दिवशी कुणी मारला नाही, सुधारलेला आकडा आला की स्प्रिंग पिळून जुळवायची असं ठरलं. पण हातोड्याचं नाव निघालं होतं आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. आप्पांची आतापर्यंतची सगळी कामं एका वाक्यात पाण्यात गेली असं मला वाटलं. परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, ते दाबायचं म्हणून मी भांडले.

"पेटी पोकळ होती. मी ऐकलं ना. तुम्ही खोटं का बोललात, आप्पा?"

"खोटं कुठं बोललो?" ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "अंदाज हाताचा करायचा असतो. भिलाच्या हाताला मी दहा-बारा वर्षांत हात लावून पाह्यला नाई. जुनाच आकडा लिवत गेलो. काट्याला वर्षातून दोनदा तपासतो, आन भिलाला नाई तपासलं. मंग चूक कोणाची?"

 

ऑफिसपाशी उतरताना ते म्हणाले, "नवा आकडा आजच पाठवू नका, ताई. मला आठ दिवस द्या. सायेबाला सांगा, मोजणी चालू हाये."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा रजेवर गेले. ऑफिसात बातमी पसरली की आप्पा मनाला लावून घेऊन गावी गेले. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसेना. जयेशभाई येता-जाता तिच्याकडे बघायचे आणि शेवटी मला म्हणाले, "एक भूल मां माणस चाल्यो जाय? जाके बोलो उनको, कुर्सी एमनीज छे." खुर्ची त्यांचीच आहे, हे मी कुठे जाऊन सांगणार? आठव्या दिवशी सुधारलेला कागद घेऊन मी एकटीच इच्छापोरला गेले, कारण साहेबांचा दोनदा फोन आला होता.

लाइनीशी पोचले तर मोठ्या व्हॉल्व्हच्या पेटीचं झाकण उघडं. टोळीतली चार माणसं खाली लोकर कुसकरून वर देत होती. आणि वर, बांबूच्या परांचीवर, सदरा काढून ठेवलेले, बनियनवरचे आप्पा. त्यांच्या हातांवर, मानेवर लोकरीची कूस बारीक चमकत होती. ती कूस अंगाला लागली की दोन दिवस आग होते. ऑफिसात बसायला लागल्यापासून त्यांनी लोकरीत कोपरापर्यंत हात घातला नव्हता.

त्यांच्या पुढ्यात भिलाभाऊ होते. पेटीत हात होते ते भिलाभाऊंचे. आणि त्या हातांवर आप्पांचे हात होते. चारी हातांचा जोर एका ठिकाणी पडत होता.

"दाब," आप्पा गावच्या अहिराणीत म्हणत होते, आणखी दाब. "आखो दाब. कापूसनी गाडी शे असं समज."

 भिलाभाऊंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात अडकलेले असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. आप्पांनी दंडाने त्यांचं तोंड पुसलं आणि पुन्हा दाबायला लागले.

मी तिथे जायला नको होतं असं मला वाटलं. मी मागे जाऊन पोत्यांच्या थप्पीवर बसले. टोळीतल्या एकाने मला हळूच सांगितलं की दादांच्या, म्हणजे भिलाभाऊंच्या, हातातली ताकद दीड वर्षापासून उतरत चालली आहे. डॉक्टर नसेचं दुखणं म्हणतात. चहाचा कप धरला तरी हिंदकळतो. दादांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मोठ्या पेट्या ते स्वतःच भरायचे, दुसऱ्याला हात लावू देत नसत, कारण हिलालआप्पांचा आकडा त्यांच्या हाताचा होता.

झाकण बसलं. आप्पांनी पेटीवर ठोकलं. लाकूड वाजलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. ते काही लाजले-बिजले नाहीत. "आल्या का? बरं झालं. सायेबाला बोलवा," म्हणाले.

साहेब आले. आप्पा शिडीपाशी गेले आणि बाजूला झाले. "भिला, चढ."

भिलाभाऊ शिडी चढले. त्यांनी पिनेला अंगठा आणि तर्जनी लावली. त्यांची बोटं थरथरताना खालूनही दिसत होती. पिन निघाली. इतकी सहज निघाली की ती त्यांच्या बोटांतून निसटली, खाली पडली आणि टणटणत माझ्या पायाशी आली.

"कॅलक्युलेशन ठीक कर दिया?" साहेबांनी विचारलं.

"हाँ साब," आप्पा म्हणाले. "ठीक कर दिया."

माझ्या पिशवीतला सुधारलेला कागद मी बाहेर काढलाच नाही. ऑफिसात परत आल्यावर मी फाइल उघडली आणि 'अंदाजात चूक' या ओळीखाली खरं काय ते लिहायला घेतलं. आप्पांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. "राहू द्या. बरोबर लिवलंय ते." ती ओळ अजून तशीच असेल, फाइल कुणी रद्दीत घातली नसेल तर.

खुर्ची मात्र त्यांनी सोडली. जयेशभाईंनी हात जोडले, चहा मागवला, रागावून पाहिलं, पण आप्पा म्हणाले की शब्द दिला तो दिला. जाताना दोन कामं त्यांनी करून घेतली. भिलाच्या टोळीत पेट्या आता जवान माणसांनी भराव्या आणि भिलाने नुसतं पेरांनी वाजवून पास-नापास सांगावं, हे एक. जयेशभाईंनी ते साहेब लोकांच्या गळी उतरवलं. आणि दुसरं, 'हात' हा रकाना दर वर्षी जानेवारीत कोरा करायचा, प्रत्येक मुकादमाकडे जाऊन, त्याच्या हातात हात घालून, मगच आकडा लिहायचा. मी पुढची दोन वर्षं ते केलं. मुकादम लोक आधी हसायचे. मग आपल्या घरच्या दुखण्याखुपण्याचं सांगायला लागायचे.

त्यानंतर माझ्या नवऱ्याची बदली परत नाशिकला झाली. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन उधन्याला आप्पांच्या घरी गेले. सकाळीच दवाखान्यात तिला डोस दिला होता, वजन केलं होतं, कार्ड पिशवीत होतं. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमची खडखड चालू होती. आप्पा ओट्यावर बसले होते आणि शेजारी खाटेवर भिलाभाऊ. भिलाभाऊंनी काम सोडून वर्ष झालं होतं. दोघांत एक पाट, त्यावर तुरीच्या शेंगा. आप्पा सोलत होते, भिलाभाऊ बघत होते.

मला बघून आप्पा उठले, हात सदऱ्याला पुसले आणि नेहमीच्या सवयीने माझ्या हातातून मुलगी घेतली. दोन्ही तळव्यांवर तिला जरा वरखाली केलं. मी वाट बघत होते. कार्डावर सहा किलो होतं आणि आप्पा सहाच म्हणणार, फार तर वर पावशेर सांगणार, यात मला शंका नव्हती. मी हसायच्या तयारीतच होते.

 पण आप्पा खाटेपाशी गेले आणि त्यांनी मुलीला भिलाभाऊंच्या हातांत दिलं. खालून आपला हात अलगद लावून ठेवला होता, तो भिलाभाऊंना दिसू न देता.

"तू सांग, भिला. किती शे?"

भिलाभाऊंनी खूप वेळ घेतला. दंड थरथरत होते. ताकद गेलेल्या हाताला सगळंच जड लागत असणार.

"आठ," ते म्हणाले. "आठ किलो शे."

आप्पांनी आयुष्यात कुणाला पावशेराचीही सूट दिली नव्हती. भाजीवालीला नाही, गिऱ्हाइकांना नाही, मलाही नाही. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बराबर शे," ते म्हणाले. "आठच शे."

भिलाभाऊ हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मग आप्पांच्या घरच्यांनी चहा आणला आणि आम्ही तो प्यायलो. मी कार्ड बाहेर काढलं नाही.